वृषणाची स्लाइड: नळ्या आणि नळ्यांमधली जागा

प्रयोगशाळेत वृषणाच्या छेदाचं, म्हणजे पातळ कापाचं, चित्र काढताना विद्यार्थी आधी गोल गोल नलिका काढतो आणि उरलेल्या जागेत दोन-चार ठिपके देतो. या अवयवाचा अभ्यासही साधारण याच क्रमाने झाला.

नलिका आधी दिसल्या, कारण त्यांना सूक्ष्मदर्शक लागत नव्हता. रेन्ये द ग्राफ या डच वैद्याने १६६८ मध्ये वृषण म्हणजे बारीक नळ्यांचं गुंतवळ आहे, हे दाखवलं. त्यासाठी त्याने डॉरमाउस हा उंदरासारखा प्राणी निवडला. त्याच्या नळ्या सहज उलगडतात. नऊ वर्षांनी लेवेनहुक या डच सूक्ष्मदर्शककाराने शुक्राणू पाहिले. पण ते नलिकेच्या भिंतीतल्या पेशींपासूनच तयार होतात हे पटायला १८४० चं दशक उजाडलं.

मधल्या जागेकडे पाहिलं फ्रांझ लायडिग या जर्मन शास्त्रज्ञाने. १८५० मध्ये सस्तन प्राण्यांच्या वृषणात, नलिकांच्या बाहेर रक्तवाहिन्यांलगत, त्याला मेदाचे कण असलेल्या पेशींचे पुंजके आढळले. त्या काय करतात हे मात्र त्याला सांगता आलं नाही. गंमत म्हणजे आदल्याच वर्षी जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये बेर्टोल्ड या शास्त्रज्ञाने खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या पोटात वृषण बसवून त्यांचा तुरा आणि आरवणं टिकवलं होतं. त्या पेशी काय करतात हा प्रश्न आणि वृषण नराची लक्षणं टिकवतं हे उत्तर शेजारी पडून होते. जोडायला कुणी नव्हतं. ते काम १९०३ च्या सुमारास बुआँ आणि आन्सेल या फ्रेंच संशोधकांनी केलं. वृषण पोटातच अडकून राहिलेल्या प्राण्यांत नलिका खंगतात, शुक्राणू बनत नाहीत, पण मधल्या पेशी शाबूत राहतात आणि नराची लक्षणंही. म्हणजे नरपणाचा स्राव तिथूनच येत असणार. १९३५ मध्ये बैलाच्या वृषणातून टेस्टोस्टेरॉन वेगळं काढल्यावर त्या स्रावाला नाव मिळालं. हेच बुआँ आज ऊती टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पिवळ्याधमक बुआँ द्रावणामुळे जास्त ओळखले जातात, हा थोडा अन्यायच.

नलिकेच्या आत वेगळाच वाद चालू होता. १८६५ मध्ये इटलीतल्या पाविया इथे शिकणाऱ्या एन्रिको सर्टोलीने भिंतीत फांद्या फुटल्यासारख्या उंच पेशी पाहिल्या. वय अवघं तेवीस. या पेशींच्या कडा इतक्या अस्पष्ट, की शुक्राणू त्यांच्यातूनच उगवतात असं काहींना वाटलं, तर काहींना त्या स्वतंत्र पेशीच वाटेनात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर त्यांच्या सीमा स्पष्ट झाल्या. रक्तात सोडलेला रंग नलिकेच्या आत का शिरत नाही, या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कोड्याचा उलगडाही १९७० मध्ये डिम आणि फॉसेट या संशोधकांनी उंदरात केला: शेजारशेजारच्या सर्टोली पेशी घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात. शुक्राणू वयात आल्यावर बनू लागतात, त्यामुळे शरीराच्या संरक्षण यंत्रणेला ते परके. हा पडदा त्यांना तिच्या नजरेआड ठेवतो.

एकाच छेदातल्या दोन नलिका सारख्या का दिसत नाहीत, हे लब्लाँ आणि क्लेर्मों या संशोधकांनी १९५२ मध्ये उंदराच्या नलिकांत शुक्राणू घडण्याच्या चक्राचे चौदा टप्पे पाडून दाखवलं. माणसात क्लेर्मों यांनी सहा टप्पे मोजले. त्यातही एकाच नलिकेच्या छेदात दोन-तीन टप्पे शेजारी शेजारी सापडतात, म्हणून मानवी स्लाइड विस्कटलेली दिसते. माणसात शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात, हे १९६० च्या दशकात किरणोत्सारी खुणेमुळे कळलं.