बीएमएक्स रेसिंग

बीएमएक्स रेसिंग म्हणजे 20 इंची चाकाच्या छोट्या सायकलवर मारायची धुळीतली रेस. सायकलला एकच गिअर, ब्रेक फक्त मागचा, ट्रॅक 300 ते 400 मीटरचा आणि त्यावर आठ जण एकाच वेळी सुटतात, साधारण 30-40 सेकंदात सगळा निकाल. आपल्याकडे जळगाव-धुळ्यात बीएमएक्स म्हटलं की पोरांना गिरक्या आणि स्टंटच आठवतात, पण तो फ्रीस्टाइल, तो प्रकारच वेगळा. इथं स्टंटला मार्क नाहीत, आधी लाइन ओलांडेल तो पुढे.

सुरुवात 1970 च्या आसपास अमेरिकेत, दक्षिण कॅलिफोर्नियात झाली. मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल रेसच्या बाइक बघून पोरांना तसंच करायचं होतं, मोटरसायकल काही हातात नव्हती, मग लहान सायकली घेऊन मोकळ्या प्लॉटवर मातीचे ढीग करून रेस लावल्या. 1981 ला आंतरराष्ट्रीय संघटना झाली, 1982 ला पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप, 1993 पासून यूसीआयकडे, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेकडे कारभार आणि 2008 ला बीजिंग ऑलिम्पिक. एशियन गेम्समध्ये हा खेळ 2010 ला आला.

खरी रेस सुटतानाच होते, हे बघणाऱ्याला पटकन कळत नाही. आठही जण उतारावर पुढचं चाक गेटला, म्हणजे सुटताना पुढे आडवी पडणाऱ्या फळीला टेकवून, दोन्ही पाय पायडलवर ठेवून तोल सांभाळत उभे असतात, मोठ्या स्पर्धेत हा उतार 8 मीटर उंचीचा असतो म्हणजे दोन मजल्यांच्या वर. मग रेकॉर्ड केलेला आवाज येतो, रायडर्स रेडी, वॉच द गेट, आणि त्यानंतर मुद्दाम कमीजास्त वेळ थांबून बीप वाजतात, त्यामुळे अंदाजाने निघता येत नाही, घाई केली की चाक गेटवर आपटून जागीच अडकायचं. पहिल्या वळणावर जो पुढे पोचला त्याला हवी ती वाट धरता येते, मागच्यांना गर्दीतून वाट काढावी लागते. पुढे उंचवटे येतात, तिथं पायडल न मारता हातापायांनी सायकल दाबून वेग काढतात, त्याला पंप करणं म्हणतात. जास्त वेळ हवेत राहणं तोट्याचं, कारण हवेत पायडल मारून काही मिळत नाही.

नॅशनल लेव्हलची सगळ्यात जुनी आणि मोठी घडी अमेरिकेची. तिथं पाच वर्षांच्या पोरापासून आजोबांपर्यंत वयाचे गट आहेत, त्यात परत नवखे, मधले आणि एक्सपर्ट, आणि वर्षभराच्या पॉइंटवर रँक ठरतो. तोच रँक पुढच्या वर्षी सायकलच्या पुढच्या प्लेटवर लागतो, त्यामुळे 1 नंबरची प्लेट म्हणजे तिथल्या पोरांसाठी ट्रॉफीपेक्षा मोठी गोष्ट. सीझनचा शेवट टल्सा शहरातल्या ग्रँड नॅशनल्समध्ये होतो. मला ही पद्धत फार आवडते, कारण आठ वर्षांच्या पोरालाही देशात आपण कितवे ते माहीत असतं.

ऑलिम्पिकसारख्या स्पर्धेत एका टप्प्यात अनेक रन होतात, त्यांच्या पॉइंटचा हिशोब उलटा आहे, पहिल्याला 1, दुसऱ्याला 2, कमी बेरीज असेल तो पुढे. टोकियो ऑलिम्पिकला अमेरिकेचा कॉनर फील्ड्स, 2016 चा ऑलिम्पिक गोल्ड मेडलिस्ट, सेमीफायनलच्या तिसऱ्या रनमध्ये फार वाईट पडला, डोक्याला जबर मार लागला, तरी आधीच्या रनच्या जोरावर फायनलसाठी पात्र ठरला होता, अर्थात उतरू शकला नाही. ऑस्ट्रेलियाच्या साया साकाकिबाराचा भाऊ काई, तोही रायडर, 2020 मध्ये पडून मेंदूला इजा होऊन खेळाबाहेर गेला, ती स्वतः टोकियोत पडली आणि 2024 ला पॅरिसमध्ये तिने गोल्ड घेतलं. ब्रिटनच्या बेथनी श्रीव्हरने तर सरकारी पैसा बंद झाल्यावर लहान मुलांच्या शाळेत मदतनीसाची नोकरी केली, लोकवर्गणी काढली आणि टोकियो जिंकलं. कोलंबियाची मारियाना पाहोन 2012 आणि 2016, दोनदा ऑलिम्पिक जिंकली, मेडेलिनमधला ट्रॅक तिच्याच नावाचा आहे.

खान्देशात ट्रॅक करायचा तर पहिला प्रश्न मातीचा. तापी-गिरणा पट्ट्यातली काळी माती पावसात चाकाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिचे उंचवटे टिकणार नाहीत, त्यामुळे वरचा थर मुरमाचा घ्यावा, पाणी मारून धुमसने ठोकावा, वळणं उंच बांधावी. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या वर जातो म्हणून सराव सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर. अंगभर कपडे, हातमोजे आणि हनुवटी झाकणारं हेल्मेट कितीही गरम झालं तरी काढायचं नाही, यावर माझं मत पक्कं आहे. आमच्याकडची पोरं पाटाच्या भरावावरून सायकली सोडतातच, तोल आणि धीटपणा त्यांच्याकडे आहे, राहतो तो सुटण्याचा सराव. गेट नसेल तर एक लांब फळी दोघांनी चाकांसमोर उभी धरायची आणि न सांगता सोडायची, फक्त फळी पुढच्या बाजूला आडवी पडली पाहिजे, रायडरच्या अंगावर नाही.