चिंतनाला मनाई ते चिंतनाची सक्ती: शिक्षकाच्या रोजनिशीची पार्श्वभूमी

बी.एड.च्या आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष शाळेतील सरावासाठी, जाणाऱ्या छात्राध्यापकाकडे (शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेणाऱ्याकडे) आज पाठ टाचणाच्या, म्हणजे तासाच्या पूर्वनियोजनाच्या, वहीबरोबर आणखी एक वही असते. तिला कोणी चिंतनशील दैनंदिनी म्हणतात, कोणी सरळ रिफ्लेक्टिव्ह जर्नल. टाचण शिकवण्याआधी लिहायचे असते आणि ते तपासले जाणार हे गृहीत असते. दैनंदिनी शिकवून झाल्यावर लिहायची असते आणि तिचा पहिला वाचक लिहिणारा स्वतःच असतो. या दोन वह्या दोन वेगळ्या परंपरांमधून आल्या आहेत, आणि त्यांतील फरक पुसट झाला की दैनंदिनीचेही टाचण होते, हे तिचा इतिहास पाहिल्यावर स्पष्ट दिसते.

शिक्षकाने रोज काही लिहावे ही अपेक्षा मुळात प्रशासनाची होती. इंग्लंडमध्ये 1862 च्या सुधारित नियमावलीने सरकारी अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन व अंकगणिताच्या परीक्षेतील निकाल यांच्याशी जोडले, आणि मुख्य शिक्षकाला लॉगबुक, म्हणजे शाळेची नोंदवही, ठेवणे बंधनकारक केले. नोंद रोज करायची, पण जितकी थोडक्यात करता येईल तितकी. आणि सर्वसाधारण स्वरूपाचे विचार किंवा मते या वहीत लिहायची नाहीत, असे नियमातच स्पष्ट म्हटले होते. म्हणजे हजेरी किती होती, कोण गैरहजर होते, पाहुणे कोण आले हे सर्व शिक्षकाने लिहायचे. आपला पाठ का फसला, हे मात्र लिहायचे नाही. मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची पद्धत काही काळ होती, आणि शाळा तपासायला येणाऱ्या डेप्युटी साहेबांचा धाक मराठी शाळेच्या स्मृतीत पुष्कळ काळ टिकला. आपल्याकडे वही म्हटली की तपासणी आठवते, ती सवय इतकी जुनी आहे.

दुसरी परंपरा याहून जुनी असली तरी ती कोणत्याही नियमातून आलेली नाही. स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्तालोझी यांनी 1774 च्या आरंभी काही आठवडे आपल्या लहान मुलाला शिकवताना रोजनिशी लिहिली. मुलगा कशाला कंटाळला, त्याच्यावर कुठे जबरदस्ती झाली, शब्द पाठ झाला पण वस्तू कळली नाही असे कुठे घडले, याच्या त्या नोंदी आहेत. मुलाविषयी लिहिता लिहिता ते आपल्याच पद्धतीबद्दल शंका घेऊ लागतात. मला ही छोटी रोजनिशी पुढच्या अनेक जाडजूड ग्रंथांपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात शिकवणारा माणूस स्वतःला तपासताना प्रत्यक्ष दिसतो.

या सवयीला तात्त्विक आधार मिळाला तो अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्याकडून. 1910 च्या आपल्या ग्रंथात आणि त्याच्या 1933 च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी चिंतनाची व्याख्या केली: एखाद्या समजुतीला कोणते आधार आहेत आणि ती कोणत्या निष्कर्षांकडे नेते, हे चिकाटीने व काळजीपूर्वक पाहणे. त्यांच्या मते असा विचार शंका, अडचण किंवा गोंधळ यांतून सुरू होतो. म्हणूनच 'पाठ चांगला झाला' या नोंदीत चिंतनाला सुरुवातच होत नाही. 'पाठ चांगला झाला असे मला वाटले, पण मागच्या बाकावरच्या तीन मुली काहीच का बोलल्या नाहीत' असे लिहिले की ती होते.

जवळपास त्याच काळात गुजरातमधील भावनगरच्या बालमंदिरात शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांचे प्रयोग चालू होते. 1930 च्या दशकाच्या आरंभी त्यांनी गुजरातीत लिहिलेले 'दिवास्वप्न' हे चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करणाऱ्या एका शिक्षकाचे कल्पित निवेदन आहे. पहिल्याच दिवशी या शिक्षकाचा शांततेचा खेळ पुरता फसतो. तो फसल्याचे कबूल करतो, घरी जाऊन विचार करतो आणि नंतर गोष्टीपासून सुरुवात करतो. ती औपचारिक दैनंदिनी नाही. तरीही योजना, फजिती, विचार आणि बदललेली योजना हा क्रम त्यात इतका स्वच्छ आहे की आजच्या कोणत्याही छात्राध्यापकाने नमुना म्हणून तो आधी वाचावा. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हा प्रयोगशील दृष्टिकोन महाराष्ट्रात आणला. त्यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले, तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून शाळाच कुरणात नेण्याचा निर्णय तेथे झाला. मुले का येत नाहीत याचे उत्तर मुलांच्या दोषात न शोधता शाळेच्या रचनेत शोधणे, हे चिंतनशील अध्यापनाचे आपल्या भूमीतील ठळक उदाहरण आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांच्या लेखनातून कृतिसंशोधनाची, म्हणजे आपल्या कामातील अडचण स्वतः तपासून त्यात बदल करून पाहण्याची, कल्पना पुढे आली आणि 1953 मध्ये स्टीफन कोरी यांनी ती अमेरिकेतील शाळांसाठी मांडली. ब्रिटनमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी 1975 मध्ये शिक्षक हाच संशोधक असावा असा आग्रह धरला. जॉन एलियट आणि क्लेम एडेलमन यांच्या फोर्ड टीचिंग प्रकल्पात शिक्षकांनी आपल्या वर्गाविषयी लिहिलेले, विद्यार्थ्यांनी सांगितलेले आणि बाहेरच्या निरीक्षकाने पाहिलेले एकमेकांशेजारी ठेवले गेले. एकाच तासाविषयीची ही तीन कथने नेहमी जुळत नाहीत, आणि ती जुळत नाहीत तिथेच शिक्षकाला शिकण्यासारखे काही सापडते.

मात्र 'रिफ्लेक्टिव्ह' हा शब्द शिक्षक-प्रशिक्षणात सर्वत्र पोहोचला तो डोनाल्ड शॉन यांच्या 1983 च्या पुस्तकामुळे. गंमत अशी की त्यांनी प्रामुख्याने अभ्यासले ते वास्तुविशारद, मानसोपचारतज्ज्ञ, अभियंते आणि नगररचनाकार; शाळामास्तर तिथे जवळजवळ नव्हतेच. विद्यापीठातील सिद्धान्त शिकायचे आणि ते कामावर लावायचे, एवढ्याने कसब येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कसबी माणूस काम चालू असतानाच परिस्थितीशी बोलत असतो आणि काम संपल्यावर मागे वळूनही पाहतो. त्यांनी या दोन चिंतनांमध्ये फरक केला. भागाकार शिकवताना मुलांचे चेहरे पाहून फळ्यावरचे उदाहरण बदलणे हे पहिले. ते का बदलावे लागले हे संध्याकाळी लिहून काढणे हे दुसरे. दैनंदिनी या दुसऱ्या चिंतनाची सोय करते. तिने पहिल्याला हळूहळू धार येते असा विश्वास या चळवळीमागे आहे, आणि तो मला रास्त वाटतो, कारण लिहिलेले उदाहरण पुढच्या वर्षी ऐन तासात आठवते.

याच सुमारास अमेरिकेत केनेथ झाइकनर आणि डॅनियल लिस्टन यांनी 1987 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या शिक्षक-प्रशिक्षणाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात अध्यापन, शोध, चर्चासत्रे आणि पर्यवेक्षकाशी होणाऱ्या बैठका यांच्या जोडीला दैनंदिनी हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. छात्राध्यापक लिहीत आणि पर्यवेक्षक वाचून त्याच वहीत उत्तर लिहीत. वही संवादाची जागा झाली. पुढच्या वर्षी ग्रॅहॅम गिब्ज यांनी वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि कृतियोजना अशा सहा टप्प्यांचे चक्र मांडले. ते नवख्याला उपयोगी पडते, पण सहा रकाने छापून दिले की ते भरण्याकडेच लक्ष जाते. 1995 मध्ये सिडनीच्या नेव्हिल हॅटन आणि डेव्हिड स्मिथ यांनी छात्राध्यापकांचे लेखन तपासले, तेव्हा त्यातील बरेचसे चिंतन वर्णनाच्या पातळीवरचे निघाले; आपल्या गृहीतांना सामाजिक संदर्भात प्रश्न विचारणारे लेखन फार थोडे होते.

भारतात दिल्ली विद्यापीठाच्या 1994 मध्ये सुरू झालेल्या चार वर्षांच्या बी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांसाठीच्या पदवी अभ्यासक्रमाने आंतरवासितेत अशा दैनंदिनीला स्थान दिले. 2009 च्या राष्ट्रीय शिक्षक-शिक्षण आराखड्याने चिंतनशील शिक्षकाची कल्पना धोरणाच्या भाषेत आणली आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे व आंतरवासिता दीर्घ केली. तेव्हापासून ही वही राज्यातील अध्यापक महाविद्यालयांत रुळली. तिला गुण असतात, म्हणून ती वेळेवर पूर्ण होते; आणि तिला गुण असतात, म्हणूनच फसलेला तास तिच्यात प्रामाणिकपणे उतरणे अवघड होते. पहिलीच दैनंदिनी सादर करणाऱ्या तरुण छात्राध्यापकासमोर आज हाच प्रश्न असतो: पर्यवेक्षक या पानाखाली नुसती सही करणार आहेत, की विस्कॉन्सिनच्या वह्यांप्रमाणे उत्तर लिहिणार आहेत?