प्रतिकारशक्तीला आवरणाऱ्या पेशी

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ओक रिज इथे किरणोत्साराचे परिणाम अभ्यासण्यासाठी उंदीर पाळले जात. १९४९ मध्ये तिथे काही नर पिल्लं विचित्र रोग घेऊन जन्मली. कातडी कोरडी पडून तिचे पापुद्रे निघत, प्लीहा आणि लसिकाग्रंथी सुजून मोठ्या होत आणि काही आठवड्यांतच पिल्लू मरे. त्यांच्या बहिणी मात्र धडधाकट. दोष किरणांचा नव्हता. आपोआप झालेला जनुकीय बदल होता आणि तो एक्स गुणसूत्रावर असणार हे उघड होतं. नराकडे एक्स एकच, तो बिघडला की पर्याय नाही. पण पिल्लं नेमकी कशाने मरतात हे कळायला आणखी काही दशकं जावी लागली. कुठला जंतू त्यांना मारत नव्हता. त्यांच्याच टी-पेशी त्यांच्या अवयवांवर तुटून पडत होत्या.

टी-पेशी या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. उद्या कोणता विषाणू येईल हे शरीराला ठाऊक नसतं, म्हणून प्रत्येक टी-पेशीचं ओळखण्याचं यंत्र जनुकांचे तुकडे जमतील तसे जोडून बनतं. त्यात काही पेशी अशाही निघतात, ज्या आपल्याच स्वादुपिंडाला किंवा थायरॉइडला परकं समजतात. छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी अशा पेशी हुडकून नष्ट करते. एवढी चाळण पुरेशी आहे, असं बराच काळ मानलं जात होतं.

जपानमधल्या एका प्रयोगाने त्याबद्दल शंका निर्माण केली. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराचं थायमस काढून टाकलं, तर प्रतिकारशक्ती दुबळी व्हायला हवी. झालं उलटंच: ती स्वतःच्याच अवयवांवर उठली. शिमोन साकागुची या जपानी संशोधकाला यातून एक अर्थ दिसला. थायमसमधून आवरणाऱ्या पेशीही बाहेर पडत असाव्यात, आणि त्या थोड्या उशिरा. १९८० च्या दशकात असं म्हणणं धाडसाचं होतं. 'दाबणाऱ्या' टी-पेशींची कल्पना आधी मांडली गेली होती, पण तिचे पुरावे टिकले नव्हते आणि बहुतेकांनी त्या विषयाकडे पाठ फिरवली होती. साकागुची चिकटून राहिले. १९९५ मध्ये त्यांनी सीडी-२५ हे प्रथिन अंगावर असलेल्या टी-पेशी वेगळ्या काढल्या आणि उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदरांना टोचल्या. जठर, थायरॉइड, बीजांडकोश अशा अनेक अवयवांवर हल्ला झाला. वेगळ्या काढलेल्या पेशी वेळेवर परत दिल्या, की तो टळला.

इकडे सिएटलजवळच्या एका कंपनीत मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल ओक रिजच्या त्याच उंदरांच्या वंशजांमधला दोष शोधत होते. एक्स गुणसूत्र डीएनएच्या सुमारे १७ कोटी अक्षरांचं. आजची यंत्रं तेव्हा नव्हती. गाळत गाळत ते सुमारे पाच लाख अक्षरांच्या पट्ट्यापर्यंत आले. त्यात २० जनुकं होती. एकेक तपासत गेल्यावर दोष सापडला तो अगदी शेवटच्या, विसाव्या जनुकात. दोन अक्षरं जास्तीची घुसली होती आणि त्यापुढचा सगळा मजकूर बिघडला होता. या जनुकाला फॉक्सपी-३ नाव मिळालं. २००१ मध्ये त्यांनी हेही दाखवलं, की माणसांच्या मुलग्यांमध्ये दिसणारा आयपेक्स नावाचा दुर्मीळ रोग याच जनुकाच्या बिघाडाने होतो. तान्ह्या वयातच न थांबणारे जुलाब, इसब, मधुमेह. उपचार नसतील तर बाळ सहसा वाचत नाही.

दोन वर्षांत धागे जुळले: साकागुचींच्या पेशी घडवणारं जनुक हेच फॉक्सपी-३. या नियामक टी-पेशींसाठी तिघांना २०२५ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

या पेशी काम कशा करतात ते बघण्यासारखं आहे. इतर टी-पेशींना वाढायला इंटरल्यूकिन-२ हा रेणू लागतो. नियामक पेशी तो स्वतःच शोषून घेतात. शिवाय हल्ल्याचा इशारा देणाऱ्या पेशींच्या अंगावरचे इशाऱ्याचे रेणू त्या सीटीएलए-४ या प्रथिनाने अक्षरशः ओढून गिळतात. कर्करोगाच्या गाठी या पेशींना आपल्या आसऱ्याला बोलावतात, म्हणून सीटीएलए-४ ला अडवणारं औषध काही रुग्णांना वाचवतं. पण त्यातल्याच काहींना आतड्याचा दाह होतो किंवा थायरॉइड बिघडतं. आवर सुटला की हल्ला फक्त गाठीपुरता राहत नाही.

म्हणूनच 'इम्युनिटी वाढवा' हा सल्ला मला काळजीत टाकतो. ल्युपस किंवा आमवाताच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती आधीच नको तिथे खवळलेली असते, तिला आणखी काय वाढवायचं? कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघरी उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली: गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा, आणि तीही प्रतिकारशक्तीने स्वतःच्या यकृतावर केलेल्या हल्ल्यासारखी. आयुष मंत्रालयाने हा संबंध मान्य केला नाही. तरी थायरॉइडचा किंवा दुसरा स्वयंप्रतिकार विकार असलेल्यांनी ही माहिती गांभीर्याने घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रतिकारशक्ती दाबण्याचंही तसंच. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत दिसलं, की डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना त्याचा काहीही फायदा झाला नाही. पहिल्यांचं फुप्फुस स्वतःच्याच दाहाने पोळत होतं. दुसऱ्यांची प्रतिकारशक्ती अजून विषाणूशी लढत होती. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात अनेकांना हेच औषध गरज नसताना, किंवा गरजेपेक्षा जास्त दिवस दिलं गेलं. आधीच मधुमेह, त्यात स्टेरॉइडने चढलेली साखर आणि दबलेल्या पांढऱ्या पेशी. एरवी आपल्या वाटेला न जाणारी म्युकरमायकोसिसची बुरशी नाकातून आत शिरली, आणि त्यातून वाचलेल्या कित्येकांना डोळा किंवा जबडा गमवावा लागला.