कुडाचा कोड खुल्या मानकांकडे: पार्श्वभूमी

ग्राफिक्स कार्डांच्या चिपा (जीपीयू) बनवणाऱ्या एनव्हिडियाने नोव्हेंबर 2006 मध्ये कुडा, म्हणजे त्या चिपांकडून सर्वसाधारण गणित करून घेणारी प्रोग्रामिंगची व्यवस्था, जाहीर केलं आणि 2007 मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. तोवर ग्राफिक्स कार्डाकडून गणित करून घ्यायचं, तर ते चित्र रंगवण्याचं काम आहे असं भासवून मांडावं लागे. त्यातून सुटण्याची वाट इयन बक यांच्या स्टॅनफर्डमधल्या ब्रूक प्रकल्पाने दाखवली होती आणि पुढे कुडाच्या उभारणीतही तेच होते. सी या प्रोग्रामिंग भाषेच्या वळणाची भाषा, सीपीयू (संगणकाचा मुख्य प्रोसेसर) आणि जीपीयूचा कोड एकाच फाइलमध्ये! संशोधक तिकडे वळले यात नवल नाही. फक्त कार्ड एनव्हिडियाचंच लागे.

डिसेंबर 2008 मध्ये क्रोनॉस या मानकं ठरवणाऱ्या कंपन्यांच्या गटाने ओपनसीएल हे खुलं मानक आणलं. ते अनेक कंपन्यांच्या चिपांवर चाले, पण कर्नल (जीपीयूवर चालणारा भाग) वेगळा लिहायचा, बहुधा प्रोग्राम चालू असताना कंपाइल करायचा (यंत्राच्या भाषेत आणायचा), त्याचं एकेक आर्ग्युमेंट (त्याला पुरवायचं मूल्य) हाताने जोडायचं. कुडात एका ओळीत होणाऱ्या कामाला इथे बऱ्याच ओळी लागत. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या सीयूटूसीएल या साधनाने 2011 मध्ये कुडातून ओपनसीएलमध्ये रूपांतर क्लँग कंपायलरच्या आधाराने आपोआप करून दाखवलं. मला हा टप्पा फार मोलाचा वाटतो. नुसतं शोधा-आणि-बदला न करता कोडची रचना समजून घेऊन तो बदलायचा, ही दिशा नंतरच्या साधनांनीही धरली.

एनव्हिडियाची स्पर्धक एएमडीने 2015 मध्ये हिप ही आपली जीपीयू प्रोग्रामिंगची व्यवस्था जाहीर केली. ती कुडाच्या इतकी जवळची, की जीपीयूवर मेमरी मागणाऱ्या 'कुडामॅलॉक' या आज्ञेचं 'हिपमॅलॉक' केलं की पुष्कळदा भागतं. कोड असा बदलण्याची निकड वाढवली ती महासंगणकांनी. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतला 2018 चा समिट एनव्हिडियाच्या जीपीयूंवर चालत होता, तर तिथेच 2022 मध्ये आलेला फ्रंटियर एएमडीच्या.

पण हिपही एका कंपनीचंच. क्रोनॉसचं सिकल मात्र मानक आहे, आणि ओपनसीएलसारखं कर्नल वेगळा काढायला न लावता ते एकाच सी++ फाइलमध्ये सगळं मावू देतं. त्यामुळे कुडातून इथे येणं सोपं. इंटेलने 2019 मध्ये वनएपीआय हा प्रोग्रामिंगच्या साधनांचा संच जाहीर केला, त्यातलं कुडाचा कोड सिकलमध्ये आणणारं साधन 2022 मध्ये सिकलोमॅटिक नावाने खुलं केलं. साधारण 90 ते 95 टक्के कोड आपोआप बदलतो, असं इंटेल सांगते. न जमलेल्या जागी साधन कोडमध्येच क्रमांकासह सूचना लिहून ठेवतं.

खरी कसोटी त्यापुढे आहे. एनव्हिडियाचे थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या छोट्या धारा) 32 च्या गटाने, वॉर्पने, चालतात; फ्रंटियरच्या जीपीयूंवर हा गट 64 चा, इंटेलकडे बहुधा 16 किंवा 32 चा. कुडाच्या जुन्या कोडमध्ये 32 हा आकडा अनेकदा गृहीतच धरलेला असतो. असा कोड रूपांतरानंतर विनातक्रार कंपाइल होऊनही चुकीचं उत्तर देऊ शकतो. तो पकडायचा तर मूळ प्रोग्रामच्या चाचण्या आधीच लिहून ठेवलेल्या हव्यात.