६६ की ७३? एकाच बायबलच्या दोन अनुक्रमणिका

राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी मी सामान्यज्ञानाची चाचणी घेतो. एमपीएससीवाले, तलाठी भरतीवाले, पोलीस भरतीवाले, सगळी एकत्रच बसतात. मध्यंतरी जगातल्या धर्मांवर पंचवीस प्रश्न काढले होते. त्यातला एक असा : बायबलमध्ये एकूण किती पुस्तके आहेत? पर्याय होते ६६, ७३, ३९ आणि २७. उत्तरतालिकेत मी ६६ लिहून मोकळा झालो होतो.

तपासलेले पेपर वाटल्यावर एक मुलगी उठून आली. "सर, माझा मार्क कापलाय. पण आमच्या घरातल्या बायबलमध्ये ७३ आहेत. मी स्वतः मोजलीत." मागच्या बाकावरचा पोरगा तिथूनच ओरडला, "सहासष्टच हैत सर! माझं पप्पा पाळक हैत, मला म्हाईत नसणार व्हय?"

'पाळक' हा शब्द कानावर पडला आणि चूक कुणाची ते ध्यानात आलं. त्याच्या चर्चमध्ये पाळक, तिच्या चर्चमध्ये फादर. तो प्रोटेस्टंट, ती कॅथलिक. दोघांची मोजणी बरोबर होती. प्रश्न काढणाराच अर्धवट होता. दोघांनाही मार्क दिला.

आधी जे सारखं आहे ते उरकून टाकू. बायबलचे दोन भाग, जुना करार आणि नवा करार. नव्या करारात दोन्हीकडे २७ पुस्तकं. मत्तय, मार्क, लूक, योहान ही चार शुभवर्तमानं, मग प्रेषितांची कृत्ये, पत्रं आणि शेवटी प्रकटीकरण. अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याने इ.स. ३६७ मधल्या एका पत्रात नेमकी हीच २७ नावं दिली आहेत. येशूचा जन्म, क्रूस, पुनरुत्थान यांबद्दलचा मजकूर दोन्हीकडे तोच. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात ज्याच्यापासून झाली त्या मार्टिन ल्यूथरला याकोबाचं पत्र फारसं आवडत नसे, पण नव्या करारातून बाहेर त्यानेही काही काढलं नाही.

भानगड आहे ती जुन्या करारात. प्रोटेस्टंट ३९ मोजतात, कॅथलिक ४६. फरकाची सात पुस्तकं म्हणजे टोबित, यहूदीथ, मक्काबींची दोन, शलमोनाचं ज्ञान, सिराख आणि बारूख. याशिवाय एस्तेर आणि दानीएल ही पुस्तकं दोन्हीकडे असली तरी कॅथलिक प्रतीत ती जास्त लांब आहेत. मोजणीत हा फरक येत नाही, म्हणून तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

मग जुना करार मुळात ज्यांचा, त्या यहुद्यांकडे किती पुस्तकं? चोवीस! इथे परीक्षार्थी हमखास गांगरतो. पण घाबरायचं कारण नाही, कारण या चोवीसमध्ये आणि प्रोटेस्टंटांच्या ३९मध्ये मजकूर एकच आहे. यहुदी मोजणीत शमुवेल, राजे आणि इतिहास ही प्रत्येकी एकेक पुस्तकं, ख्रिस्ती मोजणीत दोन-दोन. एज्रा आणि नहेम्या तिकडे एक, इकडे दोन. बारा लहान संदेष्टे तिकडे एकाच गुंडाळीत, इकडे बारा वेगळे. तीन अधिक एक अधिक अकरा, झाले पंधरा. चोवीसात पंधरा मिळवा. ऊस तोच, कांडी जास्त पाडली एवढंच.

सातांचा फरक मात्र असा कांडी पाडून झालेला नाही. त्यासाठी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला जावं लागतं. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात तिथल्या यहुद्यांची बोली ग्रीक झाली होती, हिब्रू मागे पडत चालली होती. म्हणून धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणायला सुरुवात झाली. बहात्तर पंडितांनी हे काम केलं अशी आख्यायिका आहे, म्हणून त्या भाषांतराला सेप्टुआजिंट, म्हणजे 'सत्तर', म्हणतात. बहात्तरचे सत्तर कसे झाले हे विचारू नका, आकड्यांच्या बाबतीत हा विषय पहिल्यापासून सैल आहे. या ग्रीक संग्रहात पुढच्या काळात आणखी पुस्तकं येत गेली. काही हिब्रू-अरामी मुळातली होती, काही थेट ग्रीकमध्येच लिहिलेली.

पहिले ख्रिस्ती लोक ग्रीक वाचणारे होते, त्यांच्या हाती हा मोठा संग्रह आला. यहुदी परंपरेने पुढे हिब्रूतली छोटी यादी पक्की केली. म्हणजे ६६ आणि ७३ यांतला फरक कॅथलिक-प्रोटेस्टंट भांडणाच्या कितीतरी आधीचा आहे. हिब्रू कपाट आणि ग्रीक कपाट, यातून तो निघाला. 'कॅथलिकांनी सात पुस्तकं घुसडली' हेही मी ऐकलंय आणि 'ल्यूथरने सात फाडली' हेही. दोन्ही वाक्यं चहाच्या टपरीवर शोभतात, उत्तरपत्रिकेत नाहीत.

चौथ्या शतकाच्या अखेरीस हा वाद दोन दिग्गजांमध्ये झाला. पोप दमासस याने ३८२ साली जेरोम या विद्वानाकडे लॅटिन बायबल नीट करण्याचं काम सोपवलं. जेरोम पुढे बेथलेहेमला राहिला आणि हिब्रू मुळावरून भाषांतर करत बसला. त्याचं मत स्पष्ट होतं : हिब्रू यादीत जे नाही ते वाचावं, त्यातून बोध घ्यावा, पण सिद्धांताला आधार म्हणून वापरू नये. टोबितचं भाषांतर तर त्याने एका दिवसात उरकलं, असं तोच प्रस्तावनेत सांगतो. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन मात्र मोठ्या यादीच्या बाजूचा. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) इथल्या धर्मसभांनी मोठीच यादी मान्य केली आणि पुढची हजारेक वर्षं पश्चिमेत व्यवहार त्याच यादीने चालला.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवलं की आता यात कुणी आपली ओवी घातली तर अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखं होईल. बायबलला असा सगळ्यांना मान्य असलेला एकनाथ मिळाला नाही. जेरोमच्या ताटात या सात वाट्या बाजूला होत्या, ऑगस्टीनच्या ताटात मध्यभागी.

ठिणगी पडली १५१९ साली, लाइपझिगच्या जाहीर वादात. प्रश्न होता शुद्धीस्थानाचा, म्हणजे मेलेल्यांच्या आत्म्यांसाठी जिवंतांनी केलेल्या प्रार्थनेचा काही उपयोग होतो का. कॅथलिक बाजूच्या योहान एक (Eck) याने मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातला दाखला दिला : यहुदी सेनापती यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या सैनिकांच्या पापांसाठी पैसे गोळा करून यरुशलेमला यज्ञासाठी पाठवतो. ल्यूथरने उत्तर दिलं, हे पुस्तक प्रमाण नाही. यादीचा प्रश्न किती महागात पडू शकतो ते इथे कळतं.

तरीही ल्यूथरने ही पुस्तकं फेकून दिली नाहीत. १५३४ च्या जर्मन बायबलमध्ये त्याने ती दोन करारांच्या मध्ये वेगळ्या विभागात छापली आणि वर लिहिलं की ही पवित्र शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, पण वाचायला उपयुक्त आणि चांगली आहेत. जेरोमचंच म्हणणं, सुमारे साडेअकराशे वर्षांनी छापखान्यातून. कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या धर्मसभेत ८ एप्रिल १५४६ रोजी मोठ्या यादीवर शिक्कामोर्तब केलं. इंग्लंडचं १६११ चं गाजलेलं किंग जेम्स बायबल प्रोटेस्टंटांचं, पण त्यातही हा मधला विभाग होता. तो गळला मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. लंडनच्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने १८२६ मध्ये ठरवलं की हा विभाग असलेल्या छपाईला पैसा द्यायचा नाही.

नेमक्या त्याच शतकात मराठी बायबल घरोघरी पोहोचत होतं. सेरामपूरला विल्यम कॅरीने मराठी नवा करार १८११ साली छापला. पुढे भाषांतरं झाली ती बहुतांशी प्रोटेस्टंट मिशनऱ्यांच्या हातून. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक मूळ समोर ठेवून एकटीने अख्खं बायबल मराठीत आणलं. आपल्या कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली आले, वाइल्डर मेमोरियल चर्चच्या नावातले ते हेच. त्यांची परंपरा प्रोटेस्टंट. म्हणून मराठी मुलखात, आणि कोल्हापुरात तर जास्तच, 'बायबल म्हणजे ६६' हे डोक्यात बसलं असावं असं मला वाटतं. माझ्याही डोक्यात तेच होतं. कॅथलिक मराठीचा वारसा त्याहून जुना आहे खरा, फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ चं. पण ते ओवीबद्ध पुराण, भाषांतर नव्हे. त्यावरून पुस्तकं मोजता येत नाहीत.

आता त्या लांब दानीएलबद्दल, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत चवदार भाग. प्रोटेस्टंट प्रतीत दानीएल बाराव्या अध्यायात संपतो, कॅथलिक प्रतीत चौदाव्यात. तेराव्यात सुसान्नाची गोष्ट येते. दोन वृद्ध न्यायाधीश एका शीलवान बाईवर व्यभिचाराचा खोटा आळ घेतात, तिला मृत्युदंड होतो. तरुण दानीएल मध्ये पडतो आणि दोघांना वेगवेगळं उभं करून एकच प्रश्न विचारतो : कुठल्या झाडाखाली पाहिलंस? एक म्हणतो मस्तकीच्या, दुसरा म्हणतो ओकाच्या. खेळ खलास. उलटतपासणीची इतकी जुनी आणि इतकी नेटकी गोष्ट मी दुसरी वाचलेली नाही.

चौदाव्यात बाबेलच्या बेल नावाच्या देवाची गोष्ट आहे. रोज बारा मापं पीठ, चाळीस मेंढ्या आणि सहा मापं द्राक्षारस देवापुढे ठेवायचा, सकाळी सगळं फस्त. राजा म्हणतो, बघ, देव जेवतो. दानीएल रात्री गाभाऱ्यात गुपचूप राख पसरून ठेवतो. सकाळी राखेवर पावलं उमटलेली, पुरुषांची, बायकांची आणि पोरांची. सत्तर पुजारी कुटुंबासह चोरदारातून येऊन जेवत होते.

गंमत म्हणजे सुसान्नाच्या त्या झाडांवरूनच तिसऱ्या शतकात वाद झाला. ग्रीकमध्ये त्या दोन झाडांच्या नावांवर दानीएल शिक्षेच्या शब्दांची कोटी करतो. ज्युलियस आफ्रिकानस या ख्रिस्ती लेखकाने ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताला पत्र लिहून विचारलं, ही कोटी फक्त ग्रीकमध्येच जमते, मग ही गोष्ट हिब्रूत लिहिली गेली असेल कशी? युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण सगळ्याच पुस्तकांना तो लागू होत नाही. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत १९४७ पासून जी हस्तलिखितं सापडली, त्यांत टोबितचे अरामी आणि हिब्रू तुकडे निघाले, सिराखचे हिब्रू तुकडेही.

आणखी एक तिढा. यहुद्यांचा हनुका सण ज्या घटनेवर उभा आहे, म्हणजे इ.स.पू. १६४ मध्ये यरुशलेमच्या मंदिराची पुन्हा झालेली शुद्धी, तिची हकीकत मक्काबींच्या पुस्तकांत आहे. ती पुस्तकं यहुद्यांच्या स्वतःच्या बायबलमध्ये नाहीत, कॅथलिकांच्या आहेत!

जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर हाताला एखादं बायबल लागलं तर ओळखायचं कसं? नहेम्यानंतर थेट एस्तेर आलं तर ६६. मध्ये टोबित आणि यहूदीथ असतील तर ७३. अनुक्रमणिकेचं पान फाटलं असेल तर दानीएलचे अध्याय बघा, बारा की चौदा.

'अपोक्रिफा' या शब्दाला मात्र जपून. प्रोटेस्टंट माणूस तो शब्द या सात पुस्तकांसाठी वापरतो. कॅथलिक त्यांना 'ड्युटेरोकॅनॉनिकल' म्हणतात, म्हणजे ज्यांची मान्यता दुसऱ्या क्रमाने पक्की झाली अशी. त्यांच्या तोंडी अपोक्रिफा म्हणजे थोमाच्या नावावरचं शुभवर्तमान वगैरे, जे दोघांच्याही बायबलमध्ये नाही. व्हॉट्सअॅपवर 'चर्चने लपवलेली पुस्तकं' म्हणून जे फिरतं ते हे दुसरं. टोबित कुणी लपवलेलं नाही, त्या मुलीच्या घरी फडताळात आहे.

पर्यायांकडे मग पुन्हा पाहिलं तर चारही आकडे खरे निघाले. ६६ प्रोटेस्टंट बायबल, ७३ कॅथलिक बायबल, ३९ प्रोटेस्टंट जुना करार, २७ नवा करार. तो प्रश्न आता 'जोड्या लावा'मध्ये हलवलाय आणि पाचवी जोडी घातलीय, २४ आणि यहुदी. सहावी पाळकांच्या पोरानं सुचवली. "सर, इथिओपियाच्या चर्चचं ८१ हैत. पप्पांना इचारलं मी." तीही घातली.