हातचा एक: गणनयंत्रांच्या इतिहासातला अवघड दात

आठ आणि सात पंधरा. पाच मांडायचे, हातचा एक. दुसरीतलं पोरही हे बिनचूक करतं. यंत्राने मात्र हा हातचा ठेवायचा कुठे? संगणकाचा इतिहास बहुधा मण्यांच्या पाटीपासून सुरू करतात. मला तो या प्रश्नापासून जास्त नीट कळला.

दहा दातांचं चाक एक दात फिरलं, की एक मिळवला. इथवर सोपं आहे. नऊवरून शून्यावर येताना त्याने शेजारच्या चाकाला एक घर ढकलायचं, इथे घोडं अडतं. ट्यूबिंगनचे प्राध्यापक विल्हेल्म शिकार्ड यांनी १६२३ मध्ये त्यासाठी एका जादा दाताची योजना केली. पण ९९९९९९ मध्ये एक मिळवून बघा: सगळी चाकं एकदम हलवायचा भार एककाच्या चाकावर येतो. खगोलशास्त्रज्ञ केप्लरसाठी बनत असलेलं त्यांचं यंत्र तर आगीतच गेलं.

ब्लेझ पास्कालने १६४२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, यावर तोड काढायला घेतली. वडील रूआँमध्ये करवसुलीचे अधिकारी, घरात आकडेमोडीचा ढीग. त्याची युक्ती अशी: चाक शून्याकडून नऊकडे सरकताना एक वजनदार तरफ हळूहळू उचलली जाते, आणि नऊ ओलांडताच ती धपकन पडून पुढच्या चाकाला ढकलते. हातच्याचं बळ प्रत्येक चाक आपलं आपण साठवतं. किंमत एवढीच, की चाकं उलटी फिरत नाहीत. वजाबाकीसाठी नऊच्या पूरक संख्यांचा, म्हणजे प्रत्येक अंक नऊमधून वजा करून मिळणाऱ्या संख्यांचा, वळसा घ्यावा लागतो. पुढे जर्मन गणितज्ञ लायब्निझने गुणाकाराचंही यंत्र केलं, पण हातच्यामागून हातचा आला की तेही अडायचं आणि माणसाला हात लावावा लागायचा.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजने बेरीज आणि हातचा वेगळेच काढले. गणिती तक्ते काढण्यासाठी आखलेल्या त्याच्या ‘डिफरन्स इंजिन’मध्ये आधी सगळ्या चाकांवर बेरीज होते, जिथे नऊ ओलांडले तिथे नुसता एक खटका सरकून राहतो. मग दुसऱ्या फेरीत ते खटके ओळीने तपासून हातचे दिले जातात. लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये त्याचा दुसरा आराखडा प्रत्यक्षात उतरवला. हँडल फिरवलं की मागच्या बाजूला हातच्याचे दांडे नागमोडी लाटेसारखे वर चढत जातात. बॅबेजच्या हयातीत मात्र पहिल्या इंजिनावर सतरा हजार पौंड घालून सरकारने १८४२ मध्ये हात झटकले. तोवर तो कुठलंही गणित करू शकेल अशा ‘अॅनालिटिकल इंजिन’च्या मागे लागला होता. त्यात ओळीने नऊ असलेली चाकं आधीच एकत्र जोडून सगळे हातचे एका दमात द्यायची सोय होती. तेही कागदावरच राहिलं.

विसाव्या शतकात चाकं गेली. १९४५ मध्ये पुऱ्या झालेल्या एनिअॅक या अमेरिकन संगणकामध्ये सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या आणि सेकंदाला पाच हजार बेरजा होत. तरी त्याचे अंक दहाचेच: दहा घरांचं विजेचं कडं, एका वेळी एकच घर पेटलेलं. दाताची जागा विजेच्या स्पंदनाने घेतली, इतकंच.

खरी सुटका द्विमान पद्धतीने केली, जिच्यात शून्य आणि एक हे दोनच अंक असतात. कॉनराड त्सुझचं बर्लिनमधलं झी-३ हे यंत्र १९४१ मध्येच त्या पद्धतीने चालत होतं. तिथे एक अधिक एक म्हणजे शून्य, हातचा एक. म्हणजे दोन्हीकडे एक असेल तरच हातचा. तरफ नको, वजन नको. एकामागे एक जोडलेले दोन स्विच पुरतात. तरीही ६४ बिटांच्या, म्हणजे ६४ द्विमान अंकांच्या, बेरजेत हातचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचायला वेळ लागतोच. म्हणून आजच्या प्रोसेसरांत तो आधीच ताडणारी मंडलं असतात. त्यांना ‘कॅरी लुक-अहेड’ म्हणतात, आणि कल्पना बॅबेजच्या त्या जोडलेल्या नवांचीच आहे.