मेलेल्या देवमाशाची नोंद

जहाजाची धडक बसून मेलेले बहुतेक देवमासे कुणाच्या नजरेलाच पडत नाहीत. तीनशे मीटर लांबीच्या मालवाहू जहाजावर तो धक्का जाणवतही नाही. कलेवर बुडतं, नाहीतर वाऱ्या-प्रवाहाबरोबर कुठल्या कुठे निघून जातं. जे थोडे किनाऱ्याला लागतात, त्यांच्यावरून भर समुद्रात काय चाललंय याचा अंदाज बांधावा लागतो. त्यामुळे त्यांची नोंद ठेवण्याकडे कारकुनी काम म्हणून पाहणं मला अजिबात पटत नाही. या नोंदींच्या बळावर जहाजांना वेगमर्यादा लागू झाल्या आहेत.

२००१ साली संशोधकांच्या एका गटाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या धडकांचे वृत्तांत गोळा केले. गंभीर किंवा प्राणघातक इजा प्रामुख्याने ८० मीटर किंवा त्याहून लांब आणि १४ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, साधारण १.८५ किलोमीटर) किंवा त्याहून वेगाने जाणाऱ्या जहाजांमुळे होतात, असं त्यातून दिसलं. २००७ साली व्हँडरलान आणि टॅगार्ट या संशोधकांनी वेग आणि मृत्यू यांचं गणित मांडलं. १५ नॉटला धडक बसली तर देवमासा मरण्याची शक्यता सुमारे ८० टक्के, ११.८ नॉटच्या खाली ती निम्म्याहून कमी. पुढच्याच वर्षी अमेरिकेने पूर्व किनाऱ्यावरच्या ठरावीक भागांत, ठरावीक महिन्यांसाठी, ६५ फूट आणि त्याहून लांब जहाजांना १० नॉटची, म्हणजे ताशी साधारण साडेअठरा किलोमीटरची मर्यादा घातली. हे गणित जमलं ते अशा मोजक्या घटनांवर, ज्यात जहाजाचा वेग कुणीतरी लिहून ठेवला होता. वेगाचा रकाना कोरा असता तर ती घटना या कामी आलीच नसती.

कोऱ्या रकान्याचं दुखणं मृत्यूच्या कारणापाशी सर्वांत जास्त जाणवतं. कलेवर तपासलं आणि धडकेची खूण सापडली नाही, ही एक गोष्ट. तपासलं, पण इतकं कुजलं होतं की काही ठरवता आलं नाही, ही दुसरी. तपासलंच नाही, ही तिसरी. तिन्हींसाठी एकच कोरी जागा सोडली तर पुढे आकडे काढणारा फसतो. समजा, शंभर देवमासे किनाऱ्याला लागले आणि त्यातल्या पाचांत धडक सिद्ध झाली. ‘पाच टक्के’ म्हणून तो मोकळा होईल. पण शवविच्छेदन वीसच प्राण्यांचं झालं असेल, तर तपासलेल्यांतलं प्रमाण पंचवीस टक्के निघतं.

शवविच्छेदन हे काम सोपं नाही. देवमाशाची जाड चरबी आतली उष्णता धरून ठेवते, त्यामुळे मोठं कलेवर आतून भराभर कुजतं. जहाजाला पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या पात्यांनी कापल्याच्या समांतर जखमा बाहेरून दिसतात. जहाजाच्या नाकाचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, बोथट मार मात्र कातडीवर काहीच न उमटवता आत कवटी किंवा मणके फोडून जातो. म्हणून चरबीचा थर काढून हाडांपर्यंत जावं लागतं. मोडलेलं हाड सापडलं, तरी तेवढ्यावर निकाल लागत नाही. मेल्यावर तरंगणाऱ्या कलेवरालाही जहाज धडकू शकतं. मोडलेल्या जागेभोवतीच्या मांसात रक्त साकळलं असेल, तर मार लागला तेव्हा रक्ताभिसरण चालू होतं, प्राणी जिवंत होता. त्यासाठीच कलेवराची अवस्था अंकाने नोंदवतात. अमेरिकेत १ म्हणजे जिवंत, २ म्हणजे नुकतंच मेलेलं, असं करत ५ म्हणजे सुकलेलं किंवा नुसता सांगाडा. चौथ्या-पाचव्या अवस्थेत ‘रक्तस्राव आढळला नाही’ या शेऱ्याला फारसा अर्थ उरत नाही.

मग येतो जागेचा प्रश्न. सापडल्याची जागा आणि धडकेची जागा वेगळी, सापडल्याची तारीख आणि मृत्यूची तारीखही वेगळी. या चार गोष्टींना चार रकाने हवेत. कधी कधी जहाजाच्या नाकावर अडकलेलं कलेवर थेट बंदरातच पोचतं. २० नॉटने चालणारं जहाज दिवसाला ४८० सागरी मैल कापतं, म्हणजे धडक एवढ्या पट्ट्यात कुठेही झालेली असू शकते. तिथे बंदराचे अक्षांश-रेखांश धडकेची जागा म्हणून भरले तर नकाशावर नसलेला धोका उमटतो. साध्या चुकाही महागात पडतात. १५ अंश ३० मिनिटं म्हणजे १५.५ अंश. ते १५.३० असं टंकलं, की अक्षांशावर ठिपका १२ सागरी मैल सरकतो. जहाजांचा मार्ग सरकवायचा विचार चालू असेल तेव्हा हे अंतर थोडंथोडकं नाही.

एकच कलेवर दोनदा मोजलं जाण्याचा धोकाही कायमचा. सोमवारी कुणाला ते तरंगताना दिसतं, शुक्रवारी दुसऱ्या जिल्ह्यात किनाऱ्याला लागतं. जनुकीय नमुना किंवा छायाचित्रांवरून ओळख पटली, तरी एक नोंद पुसून टाकू नये, दोन्ही जोडाव्यात. त्या दोन ठिपक्यांमधूनच कलेवर कसं वाहत गेलं ते कळतं. धडकांची जागतिक नोंद ठेवणाऱ्या इंटरनॅशनल व्हेलिंग कमिशन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संग्रहात प्रत्येक घटना कितपत खात्रीची आहे याचीही वर्गवारी असते. शंका नोंदवण्याची ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

एवढं करूनही हाती येतो तो तुकडाच. मेक्सिकोच्या आखातातल्या देवमासे-डॉल्फिनांबद्दल २०११ साली निघालेला अंदाज असा, की मेलेल्यांपैकी सरासरी दोनच टक्के कलेवरं सापडतात. उत्तर अटलांटिकमधल्या राइट व्हेल या जातीच्या देवमाशाचं चित्र त्या मानाने स्पष्ट आहे. डोक्यावरच्या खरखरीत चट्ट्यांवरून यातला जवळपास प्रत्येक प्राणी ओळखता येतो, त्यामुळे कोण दिसेनासं झालं याचा हिशेब लागतो. तरीही १९९० ते २०१७ या काळातल्या अंदाजित मृत्यूंपैकी ३६ टक्केच कलेवरांच्या रूपाने सापडले. शिवाय सापडलेले सगळ्यांचे प्रतिनिधी नसतात. गंभीर जखमी अवस्थेत दिसलेल्या बहुतेक राइट व्हेलना मासेमारीच्या दोरांनी जखडलेलं होतं, तपासलेल्या कलेवरांत मात्र दोरांचा वाटा निम्म्याच्या आसपास भरला. दोरात अडकलेला प्राणी महिनोन् महिने खंगतो, चरबी झडते आणि मेल्यावर तो बुडण्याची शक्यता वाढते. म्हणजे नुसती कलेवरं मोजली, तर दोरांचा दोष कमी दिसतो.

नोंदी ताज्याही हव्यात. समुद्र तापला, खाद्य हललं आणि राइट व्हेल कॅनडाच्या सेंट लॉरेन्सच्या आखाताकडे वळले. तिथे तेव्हा वेगाचं बंधन नव्हतं. २०१७ च्या एका हंगामात कॅनडाच्या पाण्यात १२ मेले. तपासलेल्यांत जहाजांचा मारही आढळला आणि दोरांचे फासही. त्याच ऑगस्टमध्ये कॅनडाने तिथे १० नॉटची मर्यादा लावली.

किनाऱ्यावर असं कलेवर दिसलं, तर हात न लावता दोन्ही बाजूंची छायाचित्रं घ्यावीत, चौकटीत लांबी कळेल अशी एखादी वस्तू ठेवावी आणि फोनवरचं स्थान, वेळ यांसह वनखात्याला किंवा किनारा सांभाळणाऱ्या यंत्रणेला कळवावं. जबड्याचं छायाचित्र आवर्जून घ्यावं. फिन व्हेल या जातीच्या देवमाशाचा खालचा जबडा उजवीकडे पांढरा आणि डावीकडे गडद असतो, एवढ्यावरून जात ठरू शकते. यंत्रणेने ते पुरलं, तर पुरल्याची नेमकी जागाही नोंदीत हवी. मांस गळून गेल्यावरही हाडं उकरून मोडल्याच्या खुणा तपासता येतात.